सोळावी जागा

निळा पंप घरात एकच होता.
आधी मी, मग अनिबाल.
माझ्या छातीतली शिट्टी दहा मिनिटांत विझायची
आणि मी परत सायकलवर,
काटान्योच्या धक्क्यापर्यंत, जिथून सान हुआनची बोट सुटते.
अनिबाल पायरीवर बसून राहायचा,
खांदे कानांशी नेऊन.
त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची.
मला दिसायचं. मी बघायचे नाही.

जूनमध्ये सहाराची धूळ यायची
अख्खा समुद्र ओलांडून,
आकाश नासलेल्या दुधासारखं.
पालो सेकोची धुरांडी तर बारमाही.
आमच्याकडे या दुखण्याला फातिगा म्हणतात, थकवा.
ज्याने नाव ठेवलं त्याला माहीत असणार
श्वास घेणं हेही एक काम असतं,
आणि काहींना त्याची सुट्टी नसते.

आई रात्रपाळीला, औषधांच्या कारखान्यात,
दुसऱ्यांच्या गोळ्या बाटल्यांत मोजून भरायची.
जाताना फ्रिजवर वही ठेवून जायची:
डावीकडे यादिरा, उजवीकडे अनिबाल.
पंपाआधी यंत्रात फुंका, पंपानंतर फुंका,
काटा जिथे थांबेल तो आकडा लिहा.

मी चौदाची, तो नऊचा.
माझा काटा सरसर वर जायचा.
त्याचा एकशे चाळीस. पंपानंतर,
एकशे पन्नास.
"जोर लाव," मी म्हणायचे, "नाटकं पुरेत."
एकाच पोटची आपण, एकाच पातेल्यातला राजमा-भात,
एकाच डबीतलं औषध,
मला लागू पडतं, तुलाच काय धाड भरलीय?
तो पुन्हा फुंकायचा, डोळे पांढरे करून.
एकशे चाळीस.
आणि मी लिहायचे:
दोनशे दहा.

दवाखान्यात डॉक्टरांनी रांगेवरून बोट फिरवलं.
"औषध लागू पडतंय. पंप तेवढा नीट ओढायला शिकवा."
आईने शिकवलं. शेजारच्या दोन्या इल्देने शिकवलं.
मीही शिकवलं.
त्या वर्षी बायामोनच्या इस्पितळात तो तीनदा राहून आला.

पुढे, खूप पुढे, कुणी अभ्यासवाले आले,
आम्हा दोघांना नळीत थुंकायला लावलं.
कागद हातात आला तेव्हा डॉ. किन्योनेस
कुलूप आणि किल्लीचं चित्र काढायला लागल्या.
मी म्हटलं, चित्र नको, ते अक्षर दाखवा.
सोळावी जागा.
तिथे माझं एक, त्याचं दुसरं.
दम आणि दमा, मधे उभा एक काना,
तेवढंच.
"एवढ्यावरून सगळं ठरत नाही हं," त्या म्हणाल्या,
"आणखी कुठे काय लिहिलंय, अजून लावतोय आम्ही.
आणि आजवर वाचली ती माणसं बहुतेक युरोपच्या वंशाची.
तुमच्या बेटाचं वाचन आमचं कच्चंच आहे."

अनिबाल हसला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या.
"म्हणजे मी नाटक करत नव्हतो."
माझ्याकडे बघून नाही म्हणाला,
कागदाकडे बघून.

आता त्याचा पंप वेगळा, राखाडी टोपणाचा.
बरं आहे. चढ लागला की अजून थांबतो,
बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून.
बोटीवर इंजिन सांभाळतो, डिझेलच्या धुरात;
सांगून ऐकतोय थोडाच.

आई गेल्यावर वही माझ्याकडे आली.
उजव्या रांगेत माझं गोल गोल अक्षर:
दोनशे दहा. दोनशे दहा.
दोनशे पाच, हे खरं वाटावं म्हणून.
दोनशे दहा.
त्या सोळाव्या जागी
कुणी खोटं लिहिलं नव्हतं.

रविवारी तो जेवायला येतो.
वही खणात आहे, चमच्यांच्या खाली.
तो खण उघडतो, जरा खुडबुड करतो,
चमचा काढतो,
विचारतो, मीठ कुठे ठेवलंस?